मारामारीच्या पुस्तकाचा संकल्प

मला मारामारीची पुस्तकं आवडतात आणि हे मी कुणापासून लपवत नाही. शाळेत शिकवण्यात जन्म घालवलेल्या बाईनं निवृत्तीनंतर तरी काही सात्त्विक वाचावं, अशी लोकांची अपेक्षा असते. असू दे. भोरला गेले की जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एखादी जाडजूड थरारक कादंबरी उचलायची, आणि मार्गासनीला उतरेपर्यंत एसटीतच दोनतीन खून वाचून संपवायचे, हा माझा शिरस्ता.

आमच्या देवळात श्रावणात पोथी वाचणारे गुरुजी गुडघ्यांपायी मुलाकडे पुण्याला राहायला गेले. दिवाळी झाली, भातं झोडून झाली, आणि बायका माझ्या दारात उभ्या. "बाई, तुमी वाचा की कायतरी. बसायची सवय लागलीया." मी सांगितलं, पोथी मला जमायची नाही, मी वाचते तेच तुम्हालाही वाचून दाखवीन. चालंल म्हणाल्या. काय चालंल ते त्यांना ठाऊक नव्हतं, एवढंच.

माझ्या हातात त्या वेळी जी कादंबरी होती तिचा नायक फिरस्ता. घर नाही, आडनाव नाही, खांद्याला एक पिशवी. मिळेल त्या ट्रकमधून मिळेल त्या गावी उतरायचं, तिथं कुणी गरिबाला छळत असेल तर त्याची हाडं मोडायची, आणि पुढचा ट्रक पकडायचा. या खेपेला तो एका दगडखाणीच्या गावात उतरला होता.

पहिल्या संध्याकाळी सभामंडपात गेले तर समोर पाट, पाटावर लाल कापड. "ठेवा पुस्तक," आत्या म्हणाल्या. आत्या म्हणजे सगळ्या गावाच्याच आत्या, बैठकीतल्या सर्वांत वडील. मुखपृष्ठावर पिस्तूल होतं. आत्यांनी त्या पिस्तुलालाच हळदकुंकू वाहिलं. मग प्रत्येकीच्या तळव्यावर चार तांदूळ ठेवले. पोथी बसवताना मनातलं मागणं धरून ते तांदूळ ताम्हनात सोडायचे, मागणं कुणाला सांगायचं नाही, आणि समाप्ती होईपर्यंत बैठक मोडायची नाही, अशी आमच्याकडची रीत. सवयीनं सगळ्यांनी सोडले. मी पदर तोंडाशी धरून हसू दाबलं.

दुसऱ्याच प्रकरणात नायकानं खाणमालकाच्या माणसाचा हात कोपरातून मोडला. मी आवाज खाली आणला. आता या उठून जाणार, अशी माझी खात्रीच होती.

"हात मोडला त्ये परत वाचा," आत्या म्हणाल्या. "नीट कळलं न्हाई कसा मोडला त्यो."

मी थक्क. दारातल्या कुत्र्याला हाकलतानासुद्धा जिचा जीव खालीवर होतो, ती बाई मान पुढं काढून हाड मोडल्याचा आवाज ऐकत होती. परत वाचलं. त्यांचं समाधान झाल्याचं तोंडावर दिसलं.

सगळ्यांनाच तो असा आवडला नाही. अंगणवाडीत काम करणारी एक तरणी सून होती, ती पहिल्यापासून त्याच्यावर डूख धरून. खाणीत नवरा गेलेल्या एका बाईनं त्याला घरात आसरा दिला आणि त्यानं सकाळी जायची भाषा केली, तेव्हा ती कडाडलीच. "जेवला, राह्यला, आता निघाला? हा कसला हिरो? ह्यो तर फुकट्या!" पायरीवर एसटीचे एक निवृत्त ड्रायव्हर येऊन बसत. आपण ऐकायला आलेलो नाही असं दाखवत ते सगळं ऐकत. त्यांचं म्हणणं वेगळंच. असल्या कळकट माणसाला एकही ट्रकवाला आत घेणार नाही, हे लिहिणारा कधी घाटात उभा राहिलेला दिसत नाही.

"घेत्यात," खांबाजवळून आवाज आला. "चांगलीबी मानसं असत्यात."

बोलली ती आक्का. गुंजवण्याकडची. घर धरणात गेल्यावर ती मार्गासनीला भावाच्या आसऱ्यानं राहायला आली. बैठकीत ती हुंकार द्यायची, म्हणजे वाचणाऱ्यानं दम घेतला की "व्हय" म्हणायची, बस्स. ती स्वतःहून बोललेली मी पहिल्यांदाच ऐकली.

मग ते खडीमशीनचं प्रकरण आलं. नायकानं खाणमालकाच्या भावाला मशीनच्या तोंडात ढकललं आणि लेखकानं पुढचं काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. वाचता वाचता माझ्याच अंगावर काटा आला. सून ताडकन उठली. "देवासमोर वाचायचं हे? बंद करा, बाई!" निम्म्या बायका तिच्या बाजूनं झाल्या. माझंही डोकं फिरलं. हौस तुमची आणि बोलणी मी खायची? मी पुस्तक फाडकन मिटलं.

आक्का खांबापासून उठली, पाटाशी आली आणि मिटलेल्या पुस्तकावर तिनं हात दाबून धरला. "अर्ध्यात उठायचं न्हाई. कुनीबी न्हाई." सून खाली बसली आणि मी पुन्हा वाचायला घेतलं.

घरी जाताना मी आक्काला गाठलं आणि जरा रागानंच विचारलं, एवढं काय आहे या पुस्तकात? ती चालत राहिली. मग म्हणाली, "माजं पोरगं ट्रकवर बसून गेलंया. घर सोडायचं म्हनल्यावर बाप-लेकाचं लागलं, आन् त्यो गेला. तवापास्नं ना फोन, ना निरोप. म्या तांदूळ सोडल्यात त्याच्यापायी."

पिस्तुलाचं चित्र, हाडं मोडणारा माणूस, आणि त्यावर या बाईनं आपल्या मुलासाठीचं मागणं ठेवलं होतं! बाकीच्यांनी सवयीनं सोडलेले तांदूळ हिनं खरेच सोडले होते. मी म्हटलं, "आक्का, अहो, लोकांचा वेळ जावा म्हणून कुणीतरी लिहिलंय हे."

"पोथीबी कुनीतरीच लिवली आसंल की," ती म्हणाली.

तिनं काय मागितलं ते मी विचारलं नाही. आई दुसरं काय मागणार?

घरी येऊन मी शेवटचं प्रकरण आधीच वाचून काढलं. तो काही घरी जात नव्हता. गावकरी राहा म्हणतात, ती बाई राहा म्हणते, आणि हा पहाटे कुणाला न सांगता नाक्यावर जाऊन ट्रकला हात करतो. मला त्या लेखकाचा असा संताप आला! एवढी माणसं मारायला वेळ होता, एक घर द्यायला नव्हता? मग मी ठरवलं, आपणच देऊ. नायकाला आई दिली, गाव दिलं, दारात चूल पेटलेली दिली. इतकी वर्षं पोरांना गोष्टी सांगितल्यात, एवढं मला अवघड नव्हतं.

समाप्तीला सगळ्या लुगडी बदलून आल्या होत्या. नारळ, फुलं, साखरफुटाणे. मी उघडं पुस्तक समोर धरून माझा शेवट म्हणायला लागले, आणि उत्तम म्हणत होते. आईनं दार उघडलं तिथं आत्यांनी डोळे पुसले. सूनसुद्धा म्हणाली, "आता कसं शहाण्यावानी वागला." ड्रायव्हर पायरीवरून वर येऊन बसले.

फक्त हुंकार थांबला होता.

"बाई," आक्का म्हणाली, "मगाधरनं तुमी पान उलटलं न्हाई."

सगळ्या माझ्या हातांकडं बघायला लागल्या.

"पोथीतलं बदलत न्हाईत. आसंल त्ये वाचा."

मी वाचलं. अक्षरन् अक्षर वाचलं. पहाट, नाका, पिशवी, ट्रक. तो वर चढला, दार लागलं, ट्रक वळणाआड गेला. मी पुस्तक खाली ठेवलं. तिच्याकडं बघायची माझी छाती होईना.

"शेवटाला जिता हाय न्हवं त्यो?" तिनं विचारलं.

"आहे."

"कुटं लागलंबिगलं न्हाई?"

"नाही."

"मंग फोडा नारळ." तिचा चेहरा सैल झाला होता. "बाई, त्यो घरी यावा म्हनून बसले व्हते व्हय मी? रोज ह्याला धा जनं मारायला यायची. त्यातनं निभावला, लई झालं."

मला हुंदका आला तो मी आवरला नाही. बैठकभर मी तिच्यासमोर चवीचवीनं मारामाऱ्या वाचत होते आणि त्यातला एकेक वार ती अंगावर घेत होती.

नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं. आत्यांनी पुस्तक हातात घेऊन शेवटच्या पानावर काय छापलंय ते विचारलं. मी सांगितलं, हाच नायक पुढच्या भागात नव्या गावी, नव्या शत्रूंशी लढायला येतोय. बैठकीत एकदम उत्साह. आना म्हणाल्या, भोरला गेलात की आना. मीही आणते म्हटलं.

आक्कानं माझं मनगट धरलं.

"नगं, बाई. फुडचं आनू नगा. हितवर त्यो जिता हाय."