फार तर चार बोटं

अन्याय झाला तो धरणकाठच्या वाडीतल्या आबांवर. कधी, तर आणीबाणीच्या आदल्या साली, नागपंचमीच्या दुपारी. पाणी चढलं, त्यात दोष कुणाचा, असं विचारता? दोष आहे. ऐका.

उन्हाळ्यात धरणाचे साहेब आले. पाणी कुठवर चढेल, ते हिशेबानं काढून त्यांनी खडकावर चुन्याची रेघ मारली. आबांचं घर रेघेच्या हातभर वर. मी धरणग्रस्तांच्या हक्कांची पत्रकं वाटत तिथंच होतो.

आबांनी विचारलं, "सायेब, चुकलं तर कितीनं चुकंल?"

"हिशेब कॉम्प्युटरनं केलाय, आबा. उत्तराखाली चूकही छापून येते. फार तर चार बोटं."

"मंग हातभर लय झालं की!"

नागपंचमीला सकाळीच पाणी रेघेला लागलं. घरात नाचणीची कणगी होती, सुगीपर्यंतचं खाणं. मी म्हटलं, "आबा, कणगी हलवू."

"चार बोटं म्हणलाय न्हवं? थांबंल. च्या घे."

चार बोटं गेली. वीत गेली. मी पहार उचलली, दारापुढं मातीचा बांध घालायला. आबांची बायको, आमची मावशी, आडवी आली.

"आज भुईला पहार लावायची न्हाई. पोटात नाग असतो तिच्या."

"मावशी, पाणी घरात येतंय!"

"मंग तुजी पत्रकं लाव दाराला. बघू थांबतंय का!"

पहार ठेवली. टोपल्या भरभरून नाचणी टेकाडावर नेऊ लागलो. निम्मी झाली नसेल, तोच पाणी उंबरा ओलांडून आलं. कणगी बुडाशी फसकली नि उरलेली नाचणी गाळात गेली. आबा गुडघाभर पाण्यात दोन्ही हातांनी चाचपत राहिले. मावशीनं त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं.

दुसऱ्या दिवशी साहेब पाहणीला आले नि म्हणाले, "खणलं असतं तर वाचलं असतं. तुमची अंधश्रद्धा!"

मी लोणावळ्याच्या कचेरीत त्यांच्या टेबलापुढं उभा राहिलो. चार बोटं आली कुठून, ते सांगा, मग हलतो.

"हिशेब करणारं ते फंक्शन आम्ही लिहिलेलं नाही," साहेब म्हणाले. "कॉम्प्युटरच्या लायब्ररीतलं, म्हणजे तयार हिशेबांच्या साठ्यातलं आहे. पावसाचा जोर काही ठराविक क्षणांना बघून बेरीज करतं. मग आणखी क्षण घेऊन पुन्हा करतं. दोन उत्तरांतला फरक, ती चूक."

"आणि एखादी जबर सर दोन्ही खेपेला मधल्या फटीत राहिली तर?"

साहेब म्हणाले, "तर फरक छोटाच येतो, आणि चूकही छोटीच छापून येते."

अहो, दूर कमी पावसाच्या बेगडेवाडीच्या फलाटावर उभ्या दोघांना विचारा, लोणावळ्याच्या भुशी धरणावर पाऊस किती? दोघंही म्हणतील, भुरभुर. दोघांचं जुळलं म्हणून भुशी कोरडी ठरते काय? अंधश्रद्धा कुणाची मग? मावशीची एका दिवसाची. साहेबांची बारमाही.

आबा त्या साली सुगीपर्यंत परक्याच्या बांधावर राबले, रोजच्या भाकरीसाठी.

तेव्हा वाचणाऱ्या, तू कचेरीत असशील, कॉलेजात असशील, तुला सांगतो. ज्या हिशेबाचं उत्तर तुला आधीच ठाऊक आहे, त्यावर ते फंक्शन चालव. ते चूक किती सांगतं आणि खरी किती निघते, ताडून बघ. बघितलं नसशील तर 'चार बोटं' म्हणू नकोस. 'ठाऊक नाही' म्हण. तेवढं ऐकलं असतं तर आबांनी कणगी सकाळीच हलवली असती.