पाणी झालं का?

मला मुळातच किळस फार. हिवरखेडला आमच्या मळ्यातल्या वांग्यात अळी निघाली, तरी मी विळी टाकून उठायची. आई कपाळावर हात मारायची, "हिले कोण्या राजाच्या घरी द्या लागते वं माय!" राजा काही मिळाला नाही. मी गेले अकोल्याच्या दवाखान्यात, नर्सिंग शिकायला.

पहिला महिना मी धड जेवलेच नाही. ताटात पातळ वरण आलं की सकाळची भांडी डोळ्यांपुढे यायची. शी! थुंकी, ओकारी, पू, आणि त्यावर फिनेलचा वास. लोक म्हणतात सवय होते. मला झाली नाही, उगाच खोटं कशाला सांगू?

शिकवायला मोठ्या बाई होत्या, पुण्याकडच्या. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना वार्डात मोठ्यानं सांगितलं, "बाई, तीन नंबरची मुतली." झालं! सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी निघाली. "हा काय गोठा आहे? लघवी म्हणायचं, लघवी!" आता आमच्याकडे म्हैसही मुतते आणि माणूसही मुततो, त्यात लपवायचं काय? पण तेव्हापासून तो शब्द माझ्या तोंडून निघेना, आणि 'लघवी' म्हणताना उगाच कोणाची नक्कल केल्यासारखं वाटे. शिवाय खाटांभोवती रोग्यांची पुरुष माणसं बसलेली. म्हणून मी माझाच एक सभ्य शब्द काढला. "पाणी झालं का?" असं विचारायचं. साऱ्यांना कळतं, असा माझा समज होता.

त्या उन्हाळ्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. दवाखान्यामागच्या टिनाच्या शेडमध्ये खाटा टाकल्या. मोठ्या बाईंनी आम्हाला उभ्या उभ्या शिकवलं, "पटकीचा रोगी कोरडा पडून मरतो. हगवणीतून नुसतं पाणी जात नाही, अंगातलं मीठही जातं. म्हणून शिरेतून मिठाचं पाणी द्यायचं. आत किती गेलं, बाहेर किती आलं, सगळं मोजायचं. भांड्यात डोळ्यांनी पाहायचं. लघवी आली म्हणजे मूत्रपिंडं चालू झाली, माणूस वाचला समजा."

माझ्याकडे जुन्या शहरातली एक भाजीवाली होती. विशीतली असेल. सोबत फक्त सासू. दोघी मिळून बाजारात पालक-मेथी घेऊन बसायच्या. सुनेच्या अंगातून तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं पाणी नुसतं वाहत होतं, आणि त्याला सडक्या मासळीसारखा वास. चादर बदलली की पाच मिनिटांत पुन्हा तेच. त्यानंतर कितीतरी वर्षं मी तांदूळ धुताना तोंड फिरवून धुतले.

रात्रंदिवस मिठाच्या पाण्याच्या बाटल्या चढवून दुसऱ्या दिवशी सकाळी तिची नाडी हाताला लागली. आता सगळे एकाच गोष्टीची वाट पाहत होते. मी सासूला विचारलं, "मावशी, पाणी झालं का?"

"झालं न वं. दोनदा झालं."

खाटेखाली भांडं होतं, वर फडकं. मी फडकं उचलून पाहायला हवं होतं, काचेच्या मापात ओतून मोजायला हवं होतं. मी काय केलं? पदर नाकाला लावला, मान वळवली आणि भांडं चुन्याच्या खड्ड्यात रिकामं केलं. तक्त्यावर लिहिलं: लघवी, दोनदा, सहा औंस, पिवळी. औंसही मनचे, रंगही मनचा.

डॉक्टरसाहेबांनी तक्ता पाहिला, बरं वाटलं त्यांना. तिची बाटली काढून नुकत्याच आलेल्या दुसऱ्या रोग्याला लावली.

दुपारी तिचा आवाज बसला. पोटऱ्यांत गोळे आले, डोळे खोल गेले, बोटांची कातडी चिमटली तर तशीच उभी राहू लागली. मोठ्या बाई तक्ता हातात घेऊन म्हणाल्या, "लघवी होतेय, मग हिचं असं का होतंय?" मी सासूजवळ गेले आणि या वेळी सरळ विचारलं, "मावशी, सून मुतली का तुमची?"

"मुतली? कालच्या सकायपासून थेंब नाई वं माय! तू त पाण्याचं पुसलं न? पोटातून पाणीच जाऊन राह्यलं तिच्या."

मी तशीच मोठ्या बाईंकडे गेले आणि सगळं ओकले.

"भांड्यात पाहिलं नाहीस?"

"नाही."

"का?"

"किळस आली."

त्या स्वतः बाटली आणायला धावल्या. परत आल्यावर एवढंच म्हणाल्या, "आता हिचं प्रत्येक भांडं तू बघायचं."

बघितलं. दिवस मावळेपर्यंत आणि पुढेही. फडकं उचलायचं, वाकायचं, नाकाजवळ न्यायचं, मोजायचं. तीनदा बाहेर जाऊन ओकले, तोंड धुऊन परत आले. मधल्या वेळात तिच्या कंबरेला गरम पाण्याचा शेक. त्या घाणीची किळस होतीच, पण त्याहून जास्त मला माझी आली. एका फडक्यापायी मी तिला मारायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांड्यात थोडंसं काही वाजलं. मी फडकं उचललं, मापात ओतलं. कोऱ्या चहासारखं काळपट, जेमतेम दोन औंस. नाकात उग्र वास शिरला, आमच्या गोठ्यातला, लहानपणापासूनचा. चुकायला जागाच नव्हती.

"मुतली!" मी अख्ख्या शेडभर ओरडले. "बाई, मुतली ओ, मुतली!"

मोठ्या बाई पलीकडच्या टोकाहून पळत आल्या. माप उजेडात धरून पाहिलं. मी मान खाली घातली, आता गोठ्याचं ऐकावं लागणार.

"किती?" त्यांनी विचारलं.

"दोन औंस."

"लिही."

मी लिहून वळले, तोवर सासूनं ते माप उचललं होतं. दोन्ही हातांनी धरून तिनं ते कपाळाला लावलं.

"शी! मावशी, मूत हाय ते!"

"मालूम हाय मले," ती म्हणाली, आणि पुन्हा लावलं.