आवाज न करता बोलणारं घर

माझे सासरे पुण्यात एका कापड गिरणीचे मॅनेजर होते. गिरणीच्या आवारातच त्यांचा बंगला होता आणि विणाई खात्याची भिंत तिथून जेमतेम वीस पावलांवर. पाळी चालू असली की फडताळातले पेले किणकिणत. इतकी वर्षं त्या आवाजात काढल्यामुळे सासऱ्यांना ऐकू कमी येऊ लागलं होतं, म्हणून घरात सगळे ओठांनीच बोलत. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे आणि समोरच्यानं ते वाचायचे. मंडईतसुद्धा सासू-सासऱ्यांचं तसंच चाले. भाजीवाल्याच्या तोंडावर सासूबाई सांगत, "वांगी शिळी आहेत, पुढे चला," आणि त्या बिचाऱ्याला पत्ताही नसे.

हे सगळं मला पुढे कळलं. मी त्या घरात पहिल्यांदा गेले ती मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाला.

माझे वडील, आमचे अण्णा, इचलकरंजीत यंत्रमागावर कामगार होते. माग दुसऱ्याचे. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिलीच. बी.ए. होऊन मला खडकीला एका कचेरीत नोकरी लागली, तेव्हा अण्णांनी मागांच्या शेडमधल्या प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवला होता. लांबच्या नात्यातल्या एका मामांनी हे स्थळ आणलं आणि अण्णांना बजावलं, "मॅनेजरचं घर आहे. कामगार म्हणून सांगू नका. कापडाचा धंदा आहे म्हणा." मला ते पटलं नव्हतं. तरी मी गप्प बसले. मुलगा मला फोटोतच आवडला होता, हे त्याचं खरं कारण.

अण्णा ठेवणीतला कोट घालून मामांशेजारी खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. मागांपुढे उभं राहून अण्णांनाही कमीच ऐकू येई. सासरे मोठ्यानं विचारत, अण्णा त्याहून मोठ्यानं उत्तर देत. दोघंही एकमेकांच्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघत होते.

"आपण काय करता?"

"कापडाचा धंदा हाय," अण्णा म्हणाले आणि त्यांनी कपाळ पुसलं.

"आठ माग आहेत," मामांनी भर घातली. "स्वतःचे!"

अण्णांनी खाली बघितलं.

सासूबाई पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभ्या होत्या. तिथूनच त्यांनी नुसते ओठ हलवले. "माग यांचे नाहीत. बोटं बघा, सुतानं कापलेली. हे स्वतः मागावर उभे राहतात."

सासऱ्यांचेही ओठ हलले. "दिसतंय. त्यात वाईट काय? पण मग खोटं कशाला? मुलगी बरी वाटली होती, पण खोट्यावर सोयरीक नको. पोहे देऊन टाक. नकार नंतर कळवू."

आजवर त्या घरात आलेल्या एकाही पाहुण्याला असलं बोलणं कळलं नसेल. पण शेडमधल्या मागांच्या खडखडाटात तरी माणसं दुसरं कसं बोलतात? शाळा सुटली की मी अण्णांचा डबा घेऊन शेडमध्ये जात असे. तिथे चार माग सांभाळता सांभाळता अण्णा मला पाढे विचारायचे, ते असेच, ओठांनी. मला सासऱ्यांचा शब्द न् शब्द कळला. अण्णांकडे पाहिलं, तर त्यांनी चहाचा कप अर्धाच ठेवून दिला होता. त्यांनाही कळलं होतं.

अण्णांचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. लग्न मोडलं तर मोडो, पण या माणसाला इथून खोटारडा म्हणून उठू द्यायचं नाही, एवढंच मनात आलं. मी मान वर केली, सासऱ्यांकडे बघितलं आणि ओठ हलवले. "माग दुसऱ्याचेच आहेत. ते माझ्यासाठी खोटं बोलले. त्यांना ते जमत नाही, हे तुम्ही पाहिलंतच. त्याच मागांवर मी बी.ए. झाले."

सासूबाईंच्या हातातली एक बशी कलंडली, पोहे सतरंजीवर सांडले. कोपऱ्यात बसलेला मुलगा रुमाल तोंडाशी धरून खोकल्याचं सोंग करू लागला. मामांना एवढंच दिसत होतं की सगळे अचानक गप्प झालेत. "छान आहेत हो पोहे," ते म्हणाले. त्यांना अजून मिळालेच नव्हते.

सासऱ्यांनी आपली खुर्ची अण्णांकडे वळवली. मग त्यांनी मोठ्यानं विचारलं, "एकट्यानं किती माग सांभाळता?"

अण्णांनी मामांकडे पाहिलंसुद्धा नाही. "चार, साहेब. मालकाचं हायत. जुनं हायत, पर मी थांबू देत न्हाई."

"चार! मला एवढ्या वर्षांत एकही धड चालवता आला नाही. मी चालवणाऱ्यांना फक्त सांगतो."

"तेही खुर्चीत बसून," सासूबाई पोहे गोळा करता करता म्हणाल्या. या वेळी आवाज काढून.

सासरे उठलेच. "चला, आमचं खातं दाखवतो. एक माग सारखा धागा तोडतोय. माग दुरुस्त करणाऱ्या आमच्या जॉबरनं हात टेकले. बघा तुम्हाला काही कळतंय का."

दोघं गेले. सासूबाई मला आत घेऊन गेल्या. त्यांनी कढई पुन्हा गॅसवर ठेवली. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं पाहुण्यांसमोर हवं ते बोलायची सोय होती. आता ती गेली म्हणायची." मी दाराशीच थांबले होते. "उभी काय राहिलीस? कांदा चिरता येतो ना, की नुसतंच बी.ए.?"

तासाभरानं दोघं परतले. अण्णांच्या केसांत आणि कोटावर कापूस बसला होता. तो माग चालू झाला होता आणि बिघाड नेमका कुठे होता, यावर दोघांचा वाद चालला होता.

मामा चाचरत म्हणाले, "मग... निरोप कधी कळवताय?"

"निरोप कसला? आधी व्याह्यांचा कोट झटका," सासूबाई म्हणाल्या.

अण्णा तेव्हा कोटाकडेच बघत होते, त्यामुळे त्यांना ओठ दिसले नाहीत. "काय म्हनल्या?" त्यांनी मला विचारलं.

सगळे माझ्याकडे बघू लागले. स्वतःच्या लग्नाचं मुलीनं आपल्या तोंडानं कसं सांगायचं? मी सासूबाईंकडे पाहिलं.

"सांग की. आणि मोठ्यानं सांग. मघाशी पुरेसं हळू बोललीस."

"अण्णा, त्या तुम्हाला व्याही म्हणाल्या."

"कुणाला?"

"तुम्हाला!" सासरे ओरडले, आणि स्वतःच अण्णांचा कोट झटकू लागले.