खडूची मोटार

कुपवाडला ट्रकच्या बॉड्या बांधणारे एक मिस्त्री होते. रद्दीत सापडलेल्या परदेशी मासिकावरून ते जेवणाच्या सुट्टीत शेडच्या फरशीवर खडूने एक वेगवान मोटार काढत, खऱ्या मापाची. पांढऱ्या रेषा रस्त्यावरच्या गाडीच्या, तांबड्या चोवीस तासांच्या शर्यतीतल्या गाडीच्या. सांगाडा दोन्हींचा एकच.

"मिस्त्री, कवा बसवताय आमाला?" कामगार चिडवत.

"आदी हातपाय धू रं," ते म्हणत.

तांबडे दार रुंद होते, पांढरे अरुंद. शेजारच्या शाळेत शिकवणारा मी ते बघायला जाई. मी कारण विचारले.

"शर्यतीत डायवर बदलत्यात, मास्तर. झटक्यात भाईर याय पायजे. रस्त्यावर कुणाला घाई हाय?"

माझा मुलगा कोयनानगरच्या घाटात उलटलेल्या जीपमध्ये अडकून वारला होता. दार उघडलेच नाही. हे मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा सांगितले.

ते उकिडवे बसले. मग ओल्या फडक्याने त्यांनी पांढरे दार पुसून टाकले. त्या गाडीतली सर्वांत देखणी रेष तीच होती.

"खांदं केवढं हुतं त्याचं?"

मी दोन्ही हात पसरून दाखवले. त्यांनी हातांमध्ये टेप धरला. पुसलेल्या दाराच्या जागी आकडा लिहून झाल्यावरही मला हात खाली घेता येईनात.