पट्टा दाराकडं गेला पाहिजे

आमच्या शेडच्या कोपऱ्यात वायरींचे तुकडे साचतात, तसे किस्से साचतात. सकाळी झाडून काढावं तर संध्याकाळपर्यंत नवे पडलेलेच!

पत्र्याचं शेड आमचंच, चाकण रोडला. सून रूपालीनं कंपनीची नोकरी सोडून इथं ड्राइव्हचं काम काढलं. ड्राइव्ह म्हंजे लाइन आणि मोटर यांच्या मधे बसणारा डबा. मोटर हळू पळव, जोरात पळव, उलटी फिरव, सगळं त्याच्या बटनांवर. एका कंपनीचे सामान वाहणारे पट्टे करायचे होते. पहिला पट्टा त्यांच्या साहेबांसमोर नीट चालला तर बाकीचे आपले. न्हाईतर रूपालीला परत नोकरी शोधायची पाळी.

*

पहिल्याच दिवशी मोटर उलटी फिरली. आमचे मालक, म्हंजे तिचे सासरे, पेचकस घेऊन उठले. विहिरीवरची मोटर उलटी फिरली की दोन वायरी अदलाबदल करायच्या, हे त्यांना पाठ. लाइन बंद करून डब्यात येणाऱ्या वायरी बदलल्या. मोटर उलटीच. दुसऱ्या दोन बदलल्या. तरी उलटीच!

रूपाली म्हणाली, "आबा, आत लाइन कशी येते ते हा डबा बघतच न्हाई. मोटरीकडं जाणाऱ्या वायरी बदला."

"आमच्या विहिरीला असला माज न्हवता," मालक म्हणाले.

मी शाळेत गेले न्हाई, पण ऐकलेलं विसरत न्हाई.

*

थेरगावच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. मोटर उलटी फिरती म्हणून तावातावानं भांडत होता. रूपालीनं विचारलं, मोटरीच्या कुठल्या बाजूला उभे आहात? म्हणाला, मागं. म्हणाली, पुढं जाऊन बघा.

फोनमधून चपलांचा आवाज आला. मग बारीक आवाजात, "हां, आता सुधारली."

*

मोठा ब्लोअर टेस्टिंगला आलेला. उलटा फिरत होता, पण हवा मंद, झकास! मी त्याच्यासमोर बाजेवर कुरडया वाळत घातल्या. रूपालीनं डब्यातलं सेटिंग बदलून तो सुलटा केला आणि कापडासकट कुरडया कुंपणापल्याड!

शेजारच्या गाळ्यात मोटर वाइंडिंग करणारे सलीमभाई आले, हातात ताट. "आजी, कुरडया पोचल्या. तळून धाडू का?"

*

पट्ट्याचं टायमिंग असं, की बटन दाबताच भोंगा वाजायचा आणि पाच सेकंदांनी पट्टा हलायचा. रूपालीनं चुकून ते पाच सेकंद भोंग्याला लावले. सलीमभाई पट्ट्यावर बसून चहा पीत होते. पट्टा निघाला, सलीमभाई कपासकट निघाले, पार टोकाला जाऊन उतरले. तेव्हा भोंगा वाजला.

"ताई," ते म्हणाले, "हा सावध करायला हाय का निरोप द्यायला?"

*

आणि मग साहेब यायचा दिवस! सकाळी बघतो तर पट्टा दाराऐवजी भिंतीकडं पळतोय. रूपालीनं सेटिंग बदललं, पुन्हा चालवून बघणार तोच लाइट गेली. लाइट आली ती साहेबांची गाडी दारात लागल्यावर. बघायला सवडच न्हाई. रूपालीनं देवाचं नाव घेऊन बटन दाबलं.

भोंगा वाजला. एक, दोन, तीन, चार, पाच. पट्टा सुरळीत दाराकडं! साहेबांनी तिथंच सगळे पट्टे दिले.

ते गेल्यावर सलीमभाई हळूच म्हणाले, "ताई, लाइट न्हवती तेव्हा मी मोटरीच्या वायरी बदलल्या. माफ करा, सकाळी उलटा बघितला होता."

रूपालीनं बोटं मोजली. "अहो, मी सेटिंग आधीच बदललं होतं! दोनदा बदललं म्हंजे पट्टा भिंतीकडंच जायला पायजे होता."

दोघांनी मालकांकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघता?" मालक म्हणाले. "मी सकाळपासनं माझा पेचकस हुडकतोय."

मी पदर सावरला. पेचकस कमरेला टोचत होता.