दार क्रमांक दहा हजार

लोनप्पेट्टन त्रिशूरच्या एका छापखान्यात चाळीस वर्षं छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवत होता. छापखाना बंद पडल्यावर, बासष्टाव्या वर्षी, तो आमच्या वाचनालयाच्या माडीवर संगणकाची लिनक्स प्रणाली शिकायला यायला लागला. रविवारी दुपारी तिथं वर्ग भरतो आणि शिकवतो मी. मी शाळामास्तर, म्हणून सगळ्यांचा ‘माशे’, जिभेचा तिखट. वर्गाचा नियम एकच, उत्तर कुणी कुणाला सांगायचं नाही. कुठं अडलंय ते यंत्र स्वतःच लॉगमध्ये लिहून ठेवतं. ते वाचायचं आणि आपलं आपण शोधायचं.

त्याची थोरली बहीण, त्याची चेच्ची, त्रेस्या जर्मनीतल्या मठात नन होती. आई लवकर गेली, याला तिनंच वाढवलं. आता ती आजारखोलीत होती, डॉक्टरांनी फार तर महिना सांगितला होता. दर मंगळवारी चारला तिथल्या बाया व्हिडिओ कॉल लावून तिच्यासमोर पडदा धरायच्या. तिचं तोंड बघायचं आणि दोन शब्द बोलायचे, याला एवढंच हवं होतं.

नेमकी त्याच आठवड्यात मी फायरवॉल, म्हणजे संगणकाभोवतीची राखणीची भिंत, शिकवली. जगभर लोक बाहेरून येणारी दारं बंद करतात आणि बाहेर जाणारी मोकळी सोडतात. आमच्या वर्गात तो आळशीपणा समजतात. दोन्हीकडची सगळी बंद करायची आणि लागेल तेवढंच दार, त्याचा क्रमांक देऊन, उघडायचं. लोनप्पेट्टननं सांगितलं तसं केलं.

मंगळवारी पडद्यावर त्रेस्याचं नाव आलं. खाली ‘दोघे हजर’ असंही आलं. चेहरा नाही, आवाज नाही. तासभर तो त्या नावासमोर बसून राहिला.

रविवारी त्यानं लॉग आणला, तोही हातानं उतरवून, चार पानं, एकेक अक्षर ठसठशीत. मी वरून नजर टाकली. दुसऱ्याच ओळीत दिसलं. ‘अडवलं’ म्हणणाऱ्या प्रत्येक ओळीत तोच क्रमांक होता, दहा हजार. कॉलमधला चेहरा आणि आवाज जायचं-यायचं दार तेच. उघडायला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

मी कागद पालथा करून त्याच्याकडे सरकवला. “चाळीस वर्षं अक्षरं जुळवलीत ना, लोनप्पेट्टा? मग वाचा की. का नुसतेच जुळवत होतात?”

सगळे हसले. तोही हसला.

दुसरा मंगळवारही तसाच गेला. पुढच्या रविवारी तो हळूच म्हणाला, “माशे, चेच्ची आता डोळे फार वेळ उघडत नाही म्हणे. एका मंगळवारपुरती भिंत काढून ठेवू का? नाहीतर शेजारच्या नीतूच्या फोनवरून लावतो.”

“लावा की,” मी म्हटलं. “आणि पुढच्या रविवारपासून वर्गाला नीतूलाच पाठवा. तुम्ही घरी बसून फोन बघा.”

त्यानं मान खाली घातली. मला वाटलं, बरी जिरली. खरं सांगतो, मला मजा वाटत होती.

त्यानंतरचे दोन रविवार तो आला नाही. म्हातारा पळाला, असं मी सगळ्यांना सांगितलं.

तिसऱ्या रविवारी आला, तो सरळ फळ्याशी गेला. “सापडलं, माशे,” म्हणाला. बोलणं दहा हजार क्रमांकाच्या दारानं जातं, ते आपण उघडलंच नव्हतं, असं त्यानं नीट मांडून सांगितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

“बघा,” मी म्हटलं, “सांगून टाकलं असतं तर हे आलं असतं का? आता मंगळवारी चेच्चीला पोटभर बघा.”

“चेच्ची गेली,” तो म्हणाला. “गेल्या शुक्रवारी नाही, त्याच्या आदल्या. बुधवारी माती दिली. मठानं ते सगळं दाखवलं, इंटरनेटच्या साध्या पानावर. त्याचं दार आपलं उघडंच होतं ना, स्वच्छ दिसलं. पेटीचं झाकण लावताना खिळ्यांचा आवाजसुद्धा आला. तेव्हा डोक्यात आलं, हे दिसतंय तर ते का दिसत नव्हतं? मग लॉग घेऊन बसलो.”

त्यानं हातावरचा खडू पुसला आणि माझ्याकडे बघितलं.

“तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसलं होतं ना, माशे?”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

“माझ्या लक्षात आलं होतं. वाचणाऱ्याचे डोळे कुठं थांबतात, ते आम्हा खिळे जुळवणाऱ्यांना कळतं. दुसऱ्या ओळीवर थांबले होते.” तो आपल्या जागेवर जाऊन बसला. “मला वाटलं, पुढच्या रविवारी सांगाल.”