जी गप हाय तिच्याकडं बघा

मूल जन्मलं की ते मुलगा आहे की मुलगी, हे तानूबाई नर्स कुणालाही सांगत नसत. दाराबाहेर सासू, आत्या, मावशा ताटकळत उभ्या असायच्या, आतून बाळाचं रडणं ऐकू यायचं, आणि तानूबाई मात्र त्याला पुसून, फडक्यात घट्ट गुंडाळून सुपात ठेवायच्या आणि खुशाल त्याच्याकडे पाठ करून बसायच्या. वार पडून बाळंतिणीचं पोट हाताला घट्ट लागेपर्यंत तोंडातून अक्षर निघायचं नाही. कुणी फारच घाई केली तर म्हणायच्या, "लेकरू रडतंय, म्हंजी ते बरं हाय. जी गप हाय तिच्याकडं बघा की."

सोलापूरच्या नव्या पेठेत या हट्टाची भरपूर थट्टा चाले. पेढे सांगायचे की बर्फी, हे तानूबाईंच्या मर्जीवर आहे, असं आमच्या शेजारचे कापडवाले म्हणत. बाई मूळच्या वैरागकडच्या. अकाली वैधव्य आलं, म्हणून भावाने इथल्याच दवाखान्यात सुइणीचं काम शिकायला घातलं. काम रीतसर शिकल्या, बोली मात्र गावाकडचीच राहिली. हाडापेराने थोराड, पांढरं लुगडं, हातात कातडी पेटी. घरात आल्या की कोपरापर्यंत हात धुवायला इतकं कढत पाणी मागायच्या की बंब पेटवणारा वैतागून जाई.

माझ्या तिसऱ्या बाळंतपणाला त्या आल्या. आधीच्या दोन्ही मुली. यजमान शाळेत मास्तर. घरात राज्य सासूबाईंचं, आणि त्यांचं सोवळं कडक. सकाळचा मिलचा भोंगा झाला आणि थोड्याच वेळात मी मोकळी झाले. बाहेरून सासूबाईंनी विचारलं, "नर्सबाई, काय झालं?" तानूबाईंनी बाळाला गुंडाळून सुपात ठेवलं. मी विचारायला तोंड उघडलं, तर माझ्यावरच खेकसल्या.

वार पडली, पण रक्त थांबेना. पोट सैल कणकेसारखं झालं होतं. त्यांनी यजमानांना डॉक्टरीणबाईंकडे पिटाळलं, कसलंसं कडू औषध माझ्या तोंडात ओतलं आणि एकटीने खाट उचलून पायथ्याखाली पाटा सरकवला. मग एक हात आतून आणि एक पोटावरून दाबून त्यांनी गर्भाशय दोन्ही हातांत धरून ठेवलं. मला कळ लागत होती, पण ओरडायची ताकद नव्हती. पाय गार पडत चालले होते आणि फार गोड झोप येत होती.

"काकू, आत या," तानूबाई ओरडल्या. "लेकराला हिच्या छातीला लावा."

"अहो, मी सोवळ्यात आहे. आणि आमच्यात तीन दिवस अंगावर पाजत नाहीत. चीक बाधतो बाळाला. मी मधात सोनं उगाळून ठेवलंय."

"मध ऱ्हाऊ द्या! लेकरू वढाय लागलं की पिशवी आवळती, रगत थांबतं. माझं दोनी हात हितं गुतल्यात. सोडलं तर ही जाती."

सासूबाई उंबऱ्यावर खिळून राहिल्या. पूजेचं, लोकरीच्या धाबळीचं सोवळं नेसलेल्या, कपाळाला गंध. जमिनीवरचं रक्त त्यांना दिसत असणार. मग त्या तशाच, सोवळ्यासकट आत आल्या, सुपातलं गाठोडं उचललं आणि माझ्या छातीशी धरलं. बाळाने आधी तोंड फिरवलं, मग एकदम पकडलं.

"वढ लेकरा, वढ," तानूबाई पुटपुटत होत्या. हनुवटीवरून घाम टपकत होता. खांदे थरथरत होते, पण हात जागचे हलले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी येऊन सुई टोचली, गर्भाशय आवळलं, तोपर्यंत त्या तशाच वाकलेल्या होत्या. माणसाच्या अंगात इतकं बळ कुठून येतं, हे मला आजही समजलेलं नाही.

दुपारी पोट घट्ट झालं. तानूबाईंनी हात काढले तर बोटं सरळ होईनात. तशीच वाकडी बोटं मांडीवर ठेवून म्हणाल्या, "आता इचारा काकू, काय झालं ते."

सासूबाईंनी गाठोड्याकडे पाहिलंही नाही. म्हणाल्या, "ही पाणी मागतेय. देऊ का?"

बाळंतिणीला पाणी द्यायचं नाही, असा आमच्या घरचा दंडक होता. त्या दिवशी सासूबाईंनी स्वतःच्या हाताने चमच्या-चमच्याने मला पाणी पाजलं. मुलगीच होती, हे कुणीतरी संध्याकाळी सांगितलं.

पुढे तानूबाई बार्शीच्या दवाखान्यात कामाला गेल्या. तिथेच वारल्याचं कळलं, त्या दिवशी मला घास गेला नाही.

मुलीच्या बारशाला त्या आल्या होत्या. बायका पाळण्याभोवती जमल्या असताना मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "रक्त थांबलंच नसतं तर?"

"धरून बसले असते."

"आणि मी गेले असते तर?"

त्यांनी माझ्याकडे वेड्या पोरीकडे पाहावं तसं पाहिलं. "तू गेली असतीस तरी मी हात सोडला नसता, पोरी. गेलीस, हे कुनाला तरी येऊन मला सांगावं लागलं असतं."